पहिली सही कोणी करायची

आई सोमवारी बरी झाली. गुडघ्याचे टाके सुकले होते आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन येऊन वर ती शेजारणीच्या उशा सारख्या करत होती. तिला आता फक्त घरी जायचं होतं. पिशवी भरून, चपला घालून ती कॉटवर बसली आणि तिचा मधला मुलगा गाडी बघायला निघाला, तेवढ्यात सह्या राहिल्याचं कळलं.

सह्या चौघांच्या हव्या होत्या. रुग्णालयाच्या महाविद्यालयाने त्या वर्षी आंतरव्यावसायिक सहशिक्षण सुरू केलं होतं. म्हणजे होणारा डॉक्टर, होणारी नर्स, होणारी फिजिओथेरपिस्ट आणि होणारा फार्मासिस्ट यांनी एकत्र शिकायचं, पेशंट एकत्र बघायचा आणि एकत्रच सोडायचा. कल्पनेत खोट काढायला जागा नव्हती. पूर्वी डॉक्टर आधी सही ठोकायचा आणि बाकीचे मुकाट्याने खाली करायचे. त्यात इतरांचा अवमान होतो हे लक्षात आल्यावर परिपत्रक निघालं, की यापुढे कोणीही पहिली सही करू नये.

चौघंही गुणी पोरं, परिपत्रक तोंडपाठ असलेली. डॉक्टर म्हणाला, नर्सने केली की लगेच करतो. नर्सने फिजिओकडे बोट दाखवलं, फिजिओने फार्मासिस्टकडे, आणि फार्मासिस्ट अदबीने म्हणाला, डॉक्टरांच्या आधी मी कसा करू? मधला तीन दिवस त्यांच्या मागे फिरला. शेवटी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे बाबांनो, आई बरी झालीय हे चौघांना मान्य आहे ना?"

"एकमताने," होणारा डॉक्टर म्हणाला. "म्हणूनच अडलंय, काका. एकाचा जरी विरोध असता तर त्याची सही आधी घेता आली असती. विरोधाला परिपत्रक लागू नाही."

मार्गदर्शक प्राध्यापिका बाईंनी गुरुवारी तोडगा काढला. चौघांनी एकच पेन धरून सही करायची. फॉर्म फाटला. शुक्रवारी टेबलाएवढा फॉर्म छापून आणला, चार पेनं दिली आणि बाईंनी तीनपर्यंत आकडे मोजले. सगळे एकदम वाकले, तशी डॉक्टरची आणि फिजिओची कपाळं एकमेकांवर आदळली. नर्सने धावत जाऊन कोणालाही न विचारता डॉक्टरच्या कपाळाला पट्टी बांधली, त्याबद्दल तिला लेखी समज मिळाली. आईला रोज वाटायचं, आज नक्की. ती रोज चपला घालून बसायची आणि रात्री दिवे मालवले की काढायची.

शनिवारी जमलं. चारही सह्या एका क्षणी झाल्या, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मधल्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग बाईंनी पाचवी चौकट दाखवली. कुटुंबालाही सन्मानाने सामील करून घ्यायचं म्हणून ती नुकतीच घातली होती. 'रुग्णाला घरी नेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची सही.'

"आणा इकडे," म्हणून मधल्याने पेन उघडलं आणि तो थबकला. आई कोणाच्या घरी जाणार, हे तीन भावंडांत अजून ठरलंच नव्हतं. जो सही करेल त्याच्या. त्याने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, तू तिथेच आहेस, तू कर. ताई म्हणाली, दादा मोठा, तो म्हणेल तसं. मधल्याने पेनाला टोपण लावलं.

"असं एकट्याने ठरवणं बरं दिसत नाही," तो म्हणाला. "आम्ही तिघं मिळून बघतो."

बाईंना गहिवरून आलं. कुटुंबाने आपली पद्धत आपणहून स्वीकारली, अशी नोंद त्यांनी चौघांना करायला लावली. आई हे सगळं कॉटवरून बघत होती. तिने चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"पेन द्या. मी माझ्याच घरी जाते, किल्ली आहे माझ्याकडे. माझी सही कुठे करायची?"

होणाऱ्या नर्सने फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. पेशंटसाठी चौकटच नव्हती. सहा दिवसांत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. इथवर वाचत आलेल्या तुमच्याही.