कुमांचा डावा हात आणि आमच्या बाळाचं नाव

"कुमांसमोर हल्लीच्या बॉक्सरांचं नाव काढू नकोस. चांगलं बोलू नकोस, वाईट तर मुळीच नको. सूप वाढ, हस आणि आत ये!"

सासूबाईंनी असं बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बिचाऱ्या! यांना मानसशास्त्र कुठे शिकवलंय? मला शिकवलंय! लेस्कोवात्स शहरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत भिंतीवर पदवी टांगलेली सून मी एकटीच.

काम तसं किरकोळ होतं. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. आणि आमच्याकडे बाळाचं नाव आई ठेवत नाही, बाप ठेवत नाही, कुम ठेवतो. कुम म्हणजे लग्नात आपल्या शेजारी उभा राहणारा आणि मग जन्मभर डोक्यावर बसणारा माणूस! चर्चमध्ये पाद्री विचारणार, कुम सांगणार, आणि जे सांगेल ते पोराला मरेपर्यंत चिकटणार. मी तर पोटावर हात ठेवून महिनोन्‌महिने 'कोस्ता, कोस्ता' म्हणत होते. तेव्हा बेत ठरला: कुमांची पोटभर स्तुती करायची, आणि लोणी पातळ झालं की 'कोस्ता' हळूच सरकवायचा.

आमचे कुम राद्मिलो म्हणजे बॉक्सिंगमधले एकेकाळचे बाल्कन विजेते. डाव्या हाताच्या एका ठोशात त्यांनी एका रुमानियनाला झोपवलं होतं. माझ्या लग्नात कुमांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो रुमानियन चांगला सडपातळ होता. पुढे दर सणाला त्याचं वजन वाढत गेलं. गेल्या नाताळात तर तो दारातून आत मावेना!

शनिवारी कुम जेवायला आले. सूप झालं, भाजलेलं कोकरू आलं. मी बाळाला खांद्यावर घेऊन सुरुवात केली.

"कुम, तो हल्लीचा गोर्चिन मांद्रापा आहे ना? आता म्हणे जगज्जेतेपदासाठी लढणार! तुमच्यापुढे अर्धी फेरीसुद्धा टिकला नसता!"

सासूबाईंच्या हातातला डाव हवेतच थांबला.

"अर्धी फेरी?" कुमांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे मला अर्धी फेरी लागली असती?"

"छे छे! दहा सेकंद!"

"एवढा मरतुकडा आहे तो?"

"अगदीच मरतुकडा!"

"मग मरतुकड्याला पाडण्यात माझी काय मर्दुमकी? पोरी, तू मला समजलीस काय?"

घ्या! मानसशास्त्र पहिल्याच पानावर संपलं.

"हल्लीचे बॉक्सर नव्हेत, नवऱ्या मुली आहेत!" कुम गरजले. "एक माणूस पाणी पाजायला, एक घाम टिपायला, एक फोटो काढायला! आम्ही घेवडा खाऊन मालगाडीतून जायचो. उतरलो की थेट रिंगणात! त्या रुमानियनाला उचलायला चार माणसं लागली!"

"मागच्या वेळी तीन होती," माझा नवरा स्तेवान पुटपुटला. मी टेबलाखालून लाथ हाणली. ती सासऱ्यांना लागली.

"पण कुम," स्तेवान म्हणाला, "तुम्ही त्या गोर्चिनला कधी लढताना पाहिलंय का?"

"कशाला पाहू? मला वासावरून कळतं!"

आणि माझ्या हुशार नवऱ्याने खिशातून फोन काढला.

कुमांनी चष्मा चढवला. आधी खो खो हसले. "बघा कसा नाचतोय! पायाखाली निखारे टाकलेत जणू!" मग गोर्चिनचा डावा हात सुटला. समोरचा गडी दोरीवरून घसरलेल्या चादरीसारखा खाली आला.

"पुन्हा लाव."

स्तेवानने लावलं.

"पुन्हा."

कोकरू गार झालं. कुमांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"याने मला दुसऱ्या फेरीत झोपवलं असतं."

सासरे रडायचेच बाकी होते. "राद्मिलो, असं नको रे बोलू! आम्ही तुझ्या नावावर आख्खी उमर काढली!"

"कुम, ते चित्र वेग वाढवून पळवलंय!" मी ओरडले. "हल्ली पळवतात तसं!"

"हो? मग मागचा पंच का रांगतोय?"

कुमांनी टोपी घातली, भरलेला पेला तसाच ठेवला आणि चालते झाले. सासूबाईंनी माझ्यापुढची ताटली उचलून नेली. कुम रुसले म्हणजे बाप्तिस्माच अडला.

पण रविवारी कुम आले! गुळगुळीत दाढी, कडक सूट. बाळाला डाव्या हातावर घेऊन उभे राहिले. पाद्र्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं, पश्चिमेकडे तोंड करा, सैतानाला नाकारा, त्याच्यावर फुंका आणि थुंका.

कुम पश्चिमेकडे वळले. खांदे उतरले, हनुवटी आत गेली, उजवी मूठ गालाशी आली. आणि डावा हात, बाळासकट, पुढे!

"मान! मान सांभाळा त्याची!" मी किंचाळले.

"राद्मिलो, फक्त थुंकायचंय! मारायचं नाहीये!" पाद्री म्हणाले.

"थांबा, फादर, अंतर घेतोय!"

थुंकले ते असे नेम धरून, की पाद्र्यांनी झगा आवरला. मी झडप घालून बाळाची मान सरळ केली.

"नाव काय ठेवता?"

मी ओठांनी 'को' केला. कुमांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं.

"जो वरचढ, त्याला वरचढ म्हणावं. नाव गोर्चिन!"

आमच्या भाषेत गोर्चिनमध्ये कडूपणा आहे. माझ्या दुधाच्या वासाच्या, लोण्याच्या गोळ्याचं नाव कडू!

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पुढच्या शनिवारी त्या बॉक्सर गोर्चिनची जगज्जेतेपदाची लढत. सगळे आमच्या टीव्हीसमोर. समोर कोणी हंगेरीचा पोरगेला, पिठाच्या गिरणीतून थेट उठून आल्यासारखा पांढरा. मी बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं, आणि ढेकर यायच्या आत गोर्चिन आडवा! आमचा नव्हे, तो.

कुम उठून उभे राहिले. "याच्यापुढे मी मान खाली घातली?"

माझ्या आशेला मात्र पालवी फुटली. दुसऱ्याच दिवशी पाद्र्यांना गाठलं. "फादर, बाप्तिस्मा पुन्हा नाही का करता येत?"

"बाई, हे काय चादर धुणं आहे? एकदाच!"

हे कुमांना सांगितलं मात्र, ते खुर्चीतून ताडकन उठले. "नाव बदलत नाही ना? मग नावाचा माणूस बदलू! त्या गाढवाला डावा हात शिकवून येतो. माझ्या पोराचं नाव असं मातीत नाही जाऊ द्यायचं!"

आणि गेले! या वयात, जुने हातमोजे खाकेत मारून, बेलग्रेडच्या बसने. फोन आमच्या टेबलावर विसरून.

तर वाचकहो, बेलग्रेडला कुणी असाल तर त्या बॉक्सरच्या तालमीत जरा डोकावून या. करडी टोपी, मोडकं नाक, दोरीशी उभं राहून पोरांना शिव्या देणारा म्हातारा. उभे असतील तर मध्ये पडू नका. आडवे दिसले तर आधार द्या, पण 'कुणी पाडलं?' असं विचारू नका. 'कुम, पाय घसरला का?' एवढंच विचारा. जेवलेत का तेही बघा. आणि गोर्चिनने आठवण काढलीय म्हणून सांगा. आमच्या गोर्चिनने, त्या पडक्याने नव्हे!