गाडीखालची आत्या

कुसुमआत्या गाडीखाली शिरली की मला बोलत राहावं लागतं. काहीही बोललेलं चालतं, फक्त थांबायचं नाही. मी जरा श्वास घेतला की जुन्या फियाटखालून आवाज येतो, "लल्ला, आहेस ना?"

लल्ला, म्हणजे इकडच्या बोलीत बाळ, म्हणजे मी. सिंचन खात्यात फायली सरकवून माझे केस पिकले, घरात जावई आला. पण झाशीत एकदा लल्ला झालेला माणूस लल्लाच राहतो.

आत्या मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती रिटायर झाली, मग आतोबा गेले, आणि त्यांची फियाट न् हत्यारांची पेटी तिनं ताब्यात घेतली. दर रविवारी ती गाडी वर घेते आणि ग्रीस मारते. सब्जी मंडीपलीकडे कधी न गेलेल्या या गाडीला जेवढं ग्रीस लागतं, तेवढं स्टेशनातल्या सगळ्या इंजिनांना मिळून लागत नसेल. पण वाद कोण घालणार? मी तिच्याच शिकवणीला जाऊन फिजिक्समध्ये नापास झालेला.

तिची पद्धत ठरलेली. गाडी सपाट फरशीवर. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मग जॅक. गाडी वर आली की चासीखाली दोन लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी त्यांच्यावर टेकवायची, हलवून बघायची, मगच खाली जायचं. "जॅक उचलतो, लल्ला, धरत नाही," हे ती दर खेपेला नव्यानं शोध लागल्यासारखं सांगते. मला पान्याला हात लावायची परवानगी नाही. माझं काम उभं राहून बोलण्याचं. "वरून आवाज आला पाहिजे," ती म्हणते, "तू गप्प झालास की मी बाहेर."

गेल्या रविवारी मी पोचलो तेव्हा आत्या गणपतीच्या देवळात गेलेली. म्हटलं, येईपर्यंत काम उरकून टाकू, म्हातारीला चकित करू. चकित करण्याचा भाग उत्तम जमला.

गाडी अंगणातल्या जराशा उतारावर, मोगऱ्याच्या आळ्यालगत होती, तिथेच जॅक लावला. माती ओली होती. ठोकळे कुठे ठेवलेत ते सापडेनात, आणि हँडब्रेक माझ्या ध्यानातच नव्हता. पुढची चाकं उचलली गेली. मी कमरेवर हात ठेवून गाडीकडे असं बघत होतो, जणू धरण बांधलंय. तेवढ्यात जॅक हळूच तिरका झाला, फियाटनं नमस्कार केल्यासारखी मान झुकवली, दाणकन खाली आली आणि उतारावरून निघाली ती थेट खाटेवर. खाटेवर आत्याच्या उडदाच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत होत्या.

भिंतीवरून शेजारचे मिसिरजी म्हणाले, "काए भैया, बरीं पीस रये का?" बड्या दळतोयस का, असं.

आत्या फाटकातून आली ती नेमकी याच वेळी. खाट पाहिली नाही, बड्या पाहिल्या नाहीत. "खाली शिरला होतास?"

"नाही गं."

"हात घातला होतास?"

"नाही."

"दाखव." शाळेत नखं तपासतात तसे तिनं माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग पायरीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

लाज लपवायला मी शहाणपणा काढला. "आत्या, ग्वाल्हेर रोडवर गॅरेज निघालंय. मशीननं आख्खी गाडी उचलतात. तुला खाली झोपायला नको, मला दर रविवारी यायला नको."

"हो," ती म्हणाली. "ते बरं."

आत्यानं माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं, असं आजवर झालं नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"आज शेवटचं मारून घेते," ती उठली. आम्ही गाडी ढकलून फरशीवर आणली. हँडब्रेक, गिअर, ठोकळे, जॅक, घोड्या. तिनं गाडी हलवून पाहिली, पदर खोचला आणि खाली सरकली.

मी सुरू झालो. आमच्या ऑफिसातल्या बडे बाबूंनी साहेबांच्या खुर्चीत बसून फोटो काढला आणि साहेब मागे येऊन उभे राहिले, ती गोष्ट. बोलता बोलता सवयीनं खालची खटखट ऐकायला गेलो. खटखट नव्हती. खाली पाहिलं, तर ग्रीसगन माझ्या चपलेशेजारीच पडलेली. पानाही तिथेच. आत्या रिकाम्या हातांनीच आत गेली होती.

"मग?" गाडीखालून आवाज आला. "साहेब काय म्हणाले?"

मी ग्रीसगन पायानं हळूच घोडीमागे सरकवली. म्हटलं, "थांब, घाई करू नकोस, ते तसं मोठं प्रकरण आहे. आज संपायचं नाही. उरलेलं पुढच्या रविवारी."

खालून ती म्हणाली, "ठोकळे अडगळीच्या खोलीत असतात. दाराच्या मागे. बघून ठेव."