लाल चिंधीची पाटी

आमच्या ह्यांना एक खोड आहे. हाताला लागेल ती वस्तू घ्यायची, विचारायचं कुणाला नाही! माझ्या नव्या लुगड्याच्या पदराला चष्मा पुसतील. माझ्या भाकरीच्या तव्यावर गंजके नटबोल्ट तापवतील. आणि वर मलाच विचारतील, "आज भाकरीला डिझेलचा वास का गं?"

होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते तोवर बरं होतं. दर्या मोठा, त्याचं काय बिघडवणार? पण गुडघा गेला, होडी मुलाच्या ताब्यात गेली, आणि तांडेलाला हुकूम सोडायला घरात उरले कोण? मी, सून अपेक्षा आणि अंगणातली पिकअप.

त्या पिकअपचं काय सांगू! चढ दिसला की दमेकऱ्यासारखी खोकायची. धूर असा सोडायची की कारखान्यांच्या चिमण्यांनी मान खाली घालावी. एक दिवस नवापूरच्या वळणावर बसली ती बसलीच. बोईसरचा मिस्त्री येऊन म्हणाला, "चाची, पूरा इंजन खोलना पडेगा."

झालं! तांडेल पेटले.

"तो काय खोलतो? भर दर्यात, होडी झुलत असताना, दातात बॅटरी धरून इंजिन खोललंय मी! ही तर जमिनीवर उभी हाय!"

"उभी हाय, तीच तर तक्रार हाय," मी म्हटलं. ऐकतंय कोण!

मला घाई होती ती वेगळ्याच कारणानं. बोईसरच्या बाजारात पिंपळाखाली माझी मासळी विकायची जागा. सासूनं मला तिथं बसवलं. सावली आहे, नळ जवळ आहे, गिऱ्हाईक आधी तिथंच येतं. पिकअप बंद पडल्यापासून मी रिक्षानं जाणार, उशिरा पोचणार, आणि तोवर नवापूरची इंदुबाई आपली पाटी दर रविवारी वीतभर माझ्याकडे सरकवणार. ना मोजणी, ना सरकारी माणूस! आणखी थोडे रविवार गेले असते तर सावली तिची आणि ऊन माझं!

तर इकडे गाडी ओढत आणून अंगणात दवाखाना उघडला. जाळी टांगायच्या खांबांना साखळी-कप्पी लावून इंजिन उचललं. गावातला जो तो येऊन सल्ला देऊन, चहा पिऊन गेला. झिजलेला ब्लॉक बोअर करून आला, पालघरहून नवीन पिस्टन आले. घरात पाय ठेवावा तिथं नट. एकदा अपेक्षानं आमटीतून वॉशर काढला, तर हे खूश! "मी कधीचा शोधतोय!"

आता आमच्या पाट्यांचं सांगते. बंदरावर सगळ्यांच्या पाट्या सारख्याच. म्हणून जी ती आपली चिंधी पाटीच्या कानाला बांधते. माझ्या दोन्ही पाट्यांना लाल. लाल चिंधी म्हणजे आत माझा माल, उघडून बघायचं कारणच नाही. शिकलेल्यांची बँकेत सही चालते, तशी आमची चिंधी चालते.

त्या रविवारी सकाळी पाटी ओट्यावर तयार. लाल चिंधी, वर ओलं गोणपाट. रिक्षावाल्या सुजितनं उचलली.

"आजी, लय जड हाय!"

"मोठी पापलेटं जडच असतात!"

"डिझेलचा वास येतोय."

"तुझी रिक्षा धू कधीतरी!"

बाजारात पोचले. इंदुबाईची पाटी आणखी वीतभर सरकलेली! म्हटलं, आज दाखवतेच. कमरेला पदर खोचला आणि आवाज लावला, "या, या! दांडी गावची पापलेटं! आत्ता बंदरावरून आलेली! शेजारणीसारखी आठवडाभर बर्फात निजलेली नायत!"

ही गर्दी जमली! मी झटक्यात गोणपाट ओढलं.

आत चार पिस्टन! तेल लावून चकाचक, चांदीच्या वाट्यांसारखे.

माना पुढं काढून सगळे आत बघायला लागले. मग कंपनीतला एक कामगार वाकून म्हणाला, "मौसी, इसमें कांटा तो नहीं है ना?"

बाजार हसून लोळला. इंदुबाई तर पदर तोंडात कोंबून हलत होती. "चांगुणे, तुझी पापलेटं लोखंडाची कधीपासून झाली गं?"

"तुझ्यासारखी वास तर मारत नायत!"

"मग दे एक! माझी ताडपत्री उडते, वर ठेवीन."

तिला वाटलं, मी मान खाली घालीन. मी? "मोठ्या पापलेटाचा भाव द्यावा लागेल!" मी म्हटलं. तीही हट्टाची, पैसे काढून टाकलेन्! मी ते कमरेला लावले आणि सवयीनं बजावलं, "विकलेला माल परत घेणार नाय हां!"

तेवढ्यात फोन वाजला. आमचे हे!

"अगं, पिस्टन घ्यायला पाटीत हात घातला, तर पापलेट हाताला आलं! माझे पिस्टन कुठं हायत?"

"माझ्या पाटीत ते घातले कुणी?"

"मोकळी होती, घेतली."

"आणि वर ओलं गोणपाट?"

"होडीवर तसंच झाकतो ना आमी!"

"पिस्टन काय उन्हानं नासणार होते? आणि लाल चिंधी दिसली नाय?"

"दिसली ना! म्हणून तर घेतली. लाल चिंधीला गावात कुणी हात लावायला धजत नाय!"

आता ह्याला काय म्हणावं? शिवी म्हणावं की शाबासकी?

"सांभाळून आण," हे म्हणाले. "सेट हाय. दुकानदार सुटा देत नाय. एक हरवला तर पिकअप भंगारात."

मी पाटीत बघितलं. तीन.

इंदुबाईकडे वळले. तोंड गोड करायची मला सवय नाही, तरी केलं. "इंदुबाई, तो पिस्टन जरा दे. पैसे परत घे."

"विकलेला माल परत?" ताडपत्रीवरचा पिस्टन तिनं पोरासारखा मांडीवर घेतला. "पैसे नकोत. रविवारी पिंपळाखाली मी बसणार. बाकीचे वार तुझे."

रविवार सोडून बोईसरच्या बाजारात गिऱ्हाईक असतं किती, ते तुम्हीच सांगा! पण पिकअप नसेल तर बाकीचे वारही तिचेच होते. दिली जागा. घरी आले, तर निम्मी पापलेटं मांजरांनी खाल्लेली.

आणि इंजिन? लागलं! नारळ फोडला, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू! धूर नाही, खोकला नाही. त्यांना दोन शब्द ऐकवायचे म्हणून मी कान लावून बसले होते, पण मेलं कुठं खुट्ट म्हणून वाजेना!

पुढच्या रविवारी थाटात निघालो. नवापूरला गाडी थांबली. रस्त्यात इंदुबाई उभी!

"वाटेतच हाय, म्हटलं सोडू तिला," हे म्हणाले. "गुडघा माझ्यासारखाच गेलाय बिचारीचा. तू जरा मागं बस, पाट्या पण सांभाळ."

विचारलं का मला? नाही! मी मागं, पाट्यांमध्ये, बर्फाच्या पाण्यात पाय. पुढच्या खिडकीतून इंदुबाईचा आवाज, "भगवंतभावजी, गाडी कशी पाण्यावरून चालल्यासारखी चालते हो!" आणि आमचे हे आरशात बघून मिशीतल्या मिशीत हसतायत!

मग मात्र मी केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली आणि सगळा रस्ता ऐकेल असं म्हटलं, "ओ तांडेल! इंजिनाचा एकेक तुकडा तुमी जागच्या जागी बसवलात, कबूल! जागेवरून उठली ती फक्त बायको, बाजारातून पण आणि गाडीतून पण!"