राणी कलरचा नंबर

विलासभाऊ आपली मोटारसायकल गल्लीच्या बरोबर मध्यभागी उभी करतात. दोन्ही बाजूंनी सारखी जागा सुटते आणि कोणत्याच बाजूनं कोणाला जाता येत नाही. कोणी ओरडलं की म्हणतात, "मधात हाय ना? मंग झालं."

देवळीच्या बसस्टँडजवळ माझं स्टेशनरीचं दुकान आणि शेजारी त्यांचं वेबसाइट बनवण्याचं. धंदा पोटापुरता, तोरा मात्र अख्ख्या बाजारपेठेला पुरेल इतका. कोणी दुकानाचा पत्ता डाव्या कोपऱ्यात मागितला, की ते त्याच्याकडे असं पाहतात जणू त्यानं चहात मीठ मागितलं. "पानावर अक्षर आडवं मधात आणणं कोणालेही जमते, दादा," ते मला सुनावतात, "उभं आणून दाखवा." मग मार्जिन, फ्लेक्स, ग्रिड असा पाढा सुरू होतो आणि तो संपेपर्यंत माझी गिऱ्हाइकं निघून जातात.

रंगांचं तर विचारूच नका. कॉम्प्युटरवर प्रत्येक छटेला एक नंबर असतो आणि यांना तोच लागतो. खताच्या दुकानाचे एक शेठ आले आणि म्हणाले, "हिरवा टाका."

"हिरवा म्हणजे कोणता? नंबर सांगा."

शेठनी आपला मोबाइल नंबर सांगितला. विलासभाऊंनी कपाळाला हात लावला आणि त्यांना रंगांचं गोल चाक समजवायला बसले. चाकावर रंगाची जागा कोणती, तो किती गडद, त्यात उजेड किती. शेठ तिथून उठले ते थेट वर्ध्याला जाऊन दुसऱ्याकडून साइट करून आले.

अशा माणसाबरोबर वनितावहिनींनी संसार कसा केला, हे मला कोडंच होतं. वाढलेल्या ताटातली वाटी हे आधी मधोमध सरकवत, मग जेवत. वहिनी ब्लाउज शिवायच्या. त्यांना आपल्या शिवणकामाचं एक छोटंसं पान हवं होतं, राणी कलरचं. एवढंच. हे म्हणाले, "राणी असा रंग नसते. नंबर सांग." वहिनी आधी हसून सांगत राहिल्या, मग नुसत्या सांगत राहिल्या, मग सांगेनाशा झाल्या. पोळा झाल्यावर त्या वडनेरला माहेरी निघून गेल्या. नुसती बॅग नेली असती तर मी काळजी केली नसती. त्यांनी शिलाई मशीन नेली.

मला राग आला होता. मी म्हटलं, "रंगापायी बायको घालवली तुम्ही."

ते म्हणाले, "ती आली पाह्यजे, दादा. घर खायले उठते. फोनही नाई उचलत."

त्यानंतर हा गृहस्थ रोज साडीच्या दुकानात जाऊन राणी कलरच्या साड्यांना मोबाइलचा कॅमेरा लावून रंगाचा नंबर शोधू लागला. दुकानदारानं दोनदा चहा पाजला, मग तोंड फिरवायला लागला.

एका संध्याकाळी पाहतो तर स्वारी खुशीत. "बोलली," ते म्हणाले. वहिनींसाठी बनवलेल्या पानाचा फोटो त्यांनी मोबाइलवर पाठवला होता आणि उत्तर आलं होतं, 'हा राणी नाई. वांगी कलर हाय.' दुसऱ्या दिवशी दुसरा रंग गेला. 'हा डाळिंबी.' मग रोजच एक रंग जाऊ लागला आणि रोज वहिनी तो नापास करू लागल्या. एकदा खाली 'जेवले का?' असंही आलं. ते वाक्य त्यांनी मला, चहावाल्याला आणि झेरॉक्सला आलेल्या एका अनोळखी बाईला दाखवलं.

परवा मी त्यांच्या स्क्रीनपुढे बसलो. करून ठेवलेल्या रंगांची रांग होती आणि तिच्यात अगदी पहिलाच रंग चोख राणी होता. पतंगाचा कागद विकणाऱ्या मलाही कळलं.

"भाऊ, हा काय राणी. हाच पाठवा ना."

"मले माहीत हाय. साडीच्या दुकानातच सापडलता."

"मंग काऊन नाई पाठवला?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"'हो' म्हणून मोकळी होईन ती. मंग उद्या काय विचारू तिले?"