रामटेके काकांची बागेतली ड्युटी

सकाळी सात वाजता गल्लीत शिट्टी वाजली की आमचा दूधवाला सायकलवरून उतरून गुमान उभा राहायचा. शिट्टी तीनदा वाजे. मग शेजारच्या क्वार्टरातून गळ्यात शिट्टी घातलेले रामटेके काका बाहेर येत, रस्त्यात दोन विटा मांडत, त्यांवर लाल फडकं टाकत आणि ओरडत, "ऊपर काम चालू है!" वर म्हणजे मुनग्याच्या झाडावर. काम म्हणजे आकडीनं शेवग्याच्या चार शेंगा तोडायच्या. वरणात घालायला.

काकांनी सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये सेफ्टीचं काम बघण्यात घालवली. "प्लांटनं मले रिटायर केलं, सेफ्टीनं नाही केलं," असं सांगत. बागेत उतरताना डोक्याला पिवळं हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हातात वेल्डरचे कातडी मोजे, पायात लोखंडी टोकाचे बूट. एवढा सरंजाम दोन टमाटे तोडायला! टमाट्याच्या काड्यांच्या टोकांवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. वाकताना काडी डोळ्यात जाऊ नये म्हणून. खुरप्याची मूठ लाल रंगवलेली, गवतात पडलं तरी दिसावं म्हणून.

एकदा मी त्यांचा पाला ओढायचा लोखंडी पंजा मागून आणला, पाला गोळा केला आणि दात वर करून तसाच टाकून दिला. कुंपणावरून लगेच आवाज आला.

"बाई, कोनाचा पाय पडला त दांडा थेट थोबाडात येते! आंधी पाय पाहाचे, मंग हात चालवाचा."

"हो काका," म्हणत मी पंजा पालथा केला आणि घरात येऊन पोट धरून हसले.

एका रविवारी मी गच्चीवरून त्यांचा व्हिडिओ काढला. हेल्मेट-गॉगलवाले काका एकेक पाऊल जपून टाकत वांग्याकडे निघालेत. त्याला लग्नाचा बँड जोडला, वर लिहिलं, 'चंद्रावर भाजीपाला', आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो चरोद्याच्या माझ्या मावशीकडे पोचून तिच्याकडून मलाच परत आला. मी चाळीस वर्षांची शाळामास्तरीण. हसणारे चेहरे मोजत बसले होते.

आठवड्याभरात शिट्टी बंद झाली. काका साध्या चपला घालून, उघड्या डोक्यानं बागेत दिसू लागले. दूधवाला सवयीनं थबके, इकडेतिकडे बघे आणि पुढे जाई. मला वाटलं, चला, शहाणे झाले.

पुढल्या गुरुवारी मी कपडे वाळत घालत होते. काका कुंपणावरची बोगनवेल छाटत होते. त्यांनी एक फांदी ओढली. तिच्यात अडकलेली दुसरी सुटली आणि सपकन तोंडावर आली. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाई, जरा येता का इकडं?" डाव्या डोळ्यावर हात होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

ऑटोत ते माझीच समजूत घालत होते. "घाबरू नोका. पंखा लागते तुमाले, घाम येऊन राहिला."

डोळा वाचला. काटा पापणीत घुसला होता. दवाखान्यात तीन टाके पडले. पट्टी बांधून ते बाकावर बसले तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"काका, तो व्हिडिओ..."

"पाह्यला न. पावर हाउसच्या बाजारातल्या भाजीवाल्यानं दाखवला. तो हासला, मी बी हासलो. मंग घरी येऊन आरशात पाह्यलं. खरंच बावळट दिसते बुवा."

"तो मीच..."

"तुमच्या गच्चीवरूनच माही बाग तशी दिसते बाई. समजलं मले."

एवढंच. आवाज चढला नाही की तोंड फिरवलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "मग का सोडलं ते सगळं घालणं? लोक हसतात, हसू द्यायचे!"

ते हातातल्या गोळ्यांच्या पुडीकडे बघत होते.

"मले काई शौक नवता बाई. प्लांटात कोनी पडला त चार जन धावत येते. आमची मंडळी होती तवा मी बी उघड्या पायानंच फिरत होतो बागेत. लागलं त हळद घेऊन यायची. ती गेली. लेकरू नाही. म्हनलं, आता पडलो त उचलाले कोन हाय? मंग पडाचंच नाही. एवढंच होतं ते."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. गेली चार वर्षं आमच्या दोघांच्या दारांमध्ये एवढं एक कुंपण होतं, आणि त्या माणसाचा हिशोब असा होता की हाक मारायला कुणी नाही.

नर्स कागद घेऊन आली. "घर कौन ले जाएगा? इनकी कौन हैं आप?"

मी 'पड़ोसी' म्हणणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बेटी लिख दो, सिस्टर." नर्सनं लिहिलं. मग ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तसं लिव्हलं त लवकर सोडते म्हून म्हनलं. राग नोको मानू."

आजवर ते मला अहोजाहोच करत आले होते.

मी खाली मान घालून सही केली. मान वर करायला मला बराच वेळ लागला.