लिफ्ट उपलब्ध आहे

रुग्णालयातला लिफ्टचा मेकॅनिक लिफ्टसमोर स्टूल टाकून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला जिन्याकडे पिटाळत होता. लिफ्ट ठणठणीत होती. ती तशीच राहावी, एवढीच त्याची इच्छा होती. नवं कंत्राटच तसं होतं. दुरुस्त्या किती केल्या हे आता कोणी विचारत नसे; सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लिफ्ट किती वेळ उपलब्ध होती, तेवढंच मोजत. तीन महिन्यांत अठ्ठ्याण्णव टक्के भरले की कंत्राट वाढणार आणि मेकॅनिकची नोकरी कायम होणार. आज शेवटचा दिवस होता आणि बंद पडण्याची सवलत वापरून संपली होती. लिफ्ट पाच मिनिटं जरी रुसली, तरी तीन महिने पाण्यात.

वापरली की ती बिघडते, हे त्याने अनुभवाने ओळखलं होतं. उपाय उघड होता.

चार वाजता गुडघ्याच्या व्यायामासाठी आलेल्या सख्ख्या सासऱ्यांनाही त्याने तीन मजले चढवलं. पाचला तो त्यांना आणायला वर गेला, तर ते बाकावरून उठेचनात.

"जावईबापू, चढलो कसाबसा. उतरणं काही व्हायचं नाही."

गुडघ्याची सूज पाहून मेकॅनिकला स्वतःचीच लाज वाटली. नोकरी गेली चुलीत म्हणत त्याने लिफ्ट बोलावली. ती आली, दोघांना घेऊन निघाली आणि तीन आणि दोनच्या मध्ये थांबली.

मेकॅनिकचा हात घंटीकडे गेला.

"थांबा," सासरे म्हणाले. "बंद पडल्याचा वेळ कधीपासून धरतात?"

"तक्रार वहीत चढल्यापासून."

"चढवलीय कोणी?"

"अजून नाही."

"मग लिफ्ट चालू आहे," असं म्हणून सासरे मेकॅनिकच्या हातातली हत्यारांची पेटी खाली ठेवून तिच्यावर बसले. त्यांची तीस वर्षं सरकारी भांडारात गेली होती. कागदावर काय असतं आणि फळीवर काय असतं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

फोनला रेंज नव्हती. दोघं घड्याळाकडे बघत बसले.

"बाबा, मघाशी तुम्हाला चढवायला नको होतं."

"नकोच होतं. पण पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. बसा गप."

सहाला पाच मिनिटं कमी असताना गुडघ्यात कळ आली, तरी म्हातारा हूं की चूं करेना. सहा वाजून एक मिनिटाने मेकॅनिकने घंटी दाबली, धावत आलेल्या पहारेकऱ्याला फटीतून यंत्रखोलीची किल्ली दिली आणि पहारेकऱ्याने वरून चाक फिरवून लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आणली. दार उघडलं. समोर मेकॅनिकची बायको.

"अहो, होतात कुठे? मी खाली ताटकळतेय, फोन लागेना, लिफ्टचा आकडा दोनवरून हलेना! तेव्हाच ओळखलं, दोघं आत अडकलेत म्हणून."

"मग?" मेकॅनिकने विचारलं.

"मग काय, गेले ऑफिसात. किल्ली तुमच्याच खिशात, आणि आतून घंटी वाजल्याशिवाय पहारेकरी लिफ्टला हात लावायला तयार नाही. आणि तो कारकून म्हणे, तक्रार सहानंतर लिहू, तुमच्याच भल्याचं आहे. मी ऐकते होय! पाच वाजून बावीस मिनिटं, अशी वेळ घालून लिहून घेतली. सही-शिक्का झाल्यावरच हलले."

सासरे गुडघा चोळत राहिले.

"आणि हो," तिने नवऱ्याचा हात धरला, "आज निकाल होता ना? झाली का नोकरी कायम?"

मेकॅनिक हत्यारांची पेटी उचलायला वाकला.

"घरी चल, बाळ," सासरे हळूच म्हणाले. "घरी सांगतो."