कडं आणि टिकली

सांत ओरेल बेटावर नाण्यांना भोक पाडल्यावर ती बेट सोडून जायची थांबली, म्हणून सरकारने पुढच्याच वर्षी माणसांना भोक पाडून द्यायला सुरुवात केली. सक्ती नव्हती. घरच्यांनी मागितलं तरच.

त्याचं असं झालं होतं, की बेटावर चांदीचं नाणं टिकतच नसे. पिठाचं जहाज आलं की कप्तान पीठ उतरवून नाणी भरून नेई, आणि बाजारात लोक खिळे देऊन मासे घेत बसत. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मग गव्हर्नरसाहेबांनी हुकूम काढला, की प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक पाडा. असलं नाणं बाहेर कोण घेतो? ते मुकाट्याने घरी राहिलं. लोक त्याला कडं म्हणू लागले आणि मधून निघालेल्या तुकड्याला टिकली. टिकलीही चालायची, लिंबू-मिरची घ्यायला.

माणसांचंही तेच दुखणं होतं. जरा हातात कसब आलं की स्वारी निघाली जहाजाकडे. पहिलं भोक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांना पाडलं. ते राहिले. वारा सुटला की त्यांच्यातून बारीक शीळ येई, पण सुरात येई, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

अपोलीनबाई धक्क्यावर तळलेले मासे विकायची. नवरा समुद्राने नेलेला, आणि पाठीमागे एकुलती एक नोएमी. पोरीच्या शिवणाचं नाव शेजारच्या बेटापर्यंत गेलं होतं. तिथल्या एका मोठ्या शिवणवालीने तिला बोलावणं धाडलं, आणि शनिवारी गलबत सुटणार होतं.

"तुला जायचंय का राहायचंय, एक काय ते सांग," अपोलीनबाई म्हणाली.

"जायचंय गं आई. पण तुला सोडून जाववत नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"मला तरी कुठे कळतंय? तूच ठरव."

आता आईला ठरवायला सांगितल्यावर आई काय ठरवणार, सांगा. शनिवारी सकाळीच ती पोरीला घेऊन कचेरीत गेली. तिथे पिटमनसाहेब भोकांचं काम बघत.

"काठ दातेरी ठेवावा लागेल," साहेब म्हणाले. "गुळगुळीत ठेवला की लोक आतून चांदी खरवडतात. नाण्यांचा अनुभव आहे."

"माझ्या पोरीला कोण खरवडणार, साहेब?"

"नियम म्हणजे नियम, बाई."

"बरं. पण भोक पडल्यावर तिची किंमत कमी नाही ना होणार?"

"बेटावर पूर्ण धरली जाईल. बेटाबाहेर कोणी विचारणार नाही."

"हेच तर पाहिजे मला," अपोलीनबाई म्हणाली.

नाण्यांना भोकं पाडणारा बातीस्त सोनारच माणसांचंही काम करी. "घाबरू नका ताई, नाण्यापेक्षा माणूस मऊ," असं म्हणून त्याने छिन्नी लावली आणि एकच घाव घातला. नोएमी म्हणाली, गुदगुल्या होतात. तेवढ्यात तिची टिकली पडली, आणि पडली ती उभीच. दोन वितींची नोएमी, तीच वेणी, हनुवटीवर तोच तीळ. तिने घागरा झटकला, सुयांची डबी काखेत मारली आणि विचारलं, "गलबत सुटलं नाही ना अजून?"

अपोलीनबाई तशीच उलट पावली साहेबांकडे गेली.

"साहेब, टिकली निघाली जहाजावर."

"निघणारच. तिला भोक नाही."

"मग तिलाही पाडा."

"पाडू. पण तिचीही टिकली पडेल, बाई, आणि तीही निघेल. त्या ऑर्गनवाल्यांची टिकली परगावी बासरी वाजवते. चांगली वाजवते म्हणतात."

"मग माझी पोरगी राहिली का गेली?"

साहेबांनी वहीत नोंद केली. "राहिली," ते म्हणाले. "सरकारी दृष्टीने राहिली."

अपोलीनबाईच्या डोक्याचं पार भजं झालं. ती धावत धक्क्यावर पोहोचली तेव्हा गलबताची दोरी सोडत होते. धाकट्या नोएमीने तिच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि हुंदके देऊन रडली. "आई, जेवत जा वेळेवर. तेलाच्या कढईजवळ पदर सांभाळ. मला नाही गं जाववत," असं म्हणत म्हणत ती फळीवरून चढलीसुद्धा. अपोलीनबाईने तिला धरायला हात पुढे केला, पण फळी ओढून घेतली होती.

थोरली नोएमी शेजारी उभी होती. ती रडली नाही. वाऱ्याने तिचे केस उडत होते आणि भोकातून गलबताचं शीड स्वच्छ दिसत होतं.

"तू का नाही रडत गं?" आईने विचारलं.

"कशाला रडू? मी कुठे चाललेय?" नोएमी म्हणाली. तेही खरंच होतं.

अपोलीनबाईला मग राहवेना. पोर राहिली म्हणून, आणि गेली म्हणूनही, तिने नोएमीला घट्ट कवटाळलं. दोन्ही हात भोकातून पलीकडे गेले, आणि तिथे तिला स्वतःचेच हात लागले. क्षणभर तिने ते तसेच धरून ठेवले.

"चल," नोएमी म्हणाली, "मासे खराब होतील."